सासू-सासऱ्यांची पॉलिसी चालू ठेवू की सोडू? हप्ता ४२,९००, हातात २६,०००

कराडची_सून
नमस्कार. मी इथे दोन वर्षांपासून वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदाच. सासू-सासऱ्यांच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीची मुदत २६ फेब्रुवारीला संपते आहे आणि घरात रोज रात्री याच विषयावर बोलणं होतं, म्हणून सगळं आकड्यांसकट मांडते.

घरात आम्ही पाच जण. हे तासवडे एमआयडीसीत नोकरीला, हातात पगार २३,५०० येतो. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत बरं असतं, पण वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला ४,००० च्या वर जात नाही. मुलगी बारावीला आहे. सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) साखर कारखान्यातून निवृत्त, पेन्शन १,६००. आधारवर त्यांची जन्मतारीख १ जून १९५४. सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्यांची १ जून १९५९. शाळेत गुरुजींनी दोघांनाही १ जूनच लावून दिला. अण्णांना २०२२ मध्ये एक स्टेंट बसवला आहे. आत्यांना पंधरा वर्षांपासून शुगर.

ह्यांचा पगार २१,००० च्या आत होता तोवर ईएसआय (सरकारी कामगार विमा) होतं. अण्णा-आत्यांची गोळ्या-औषधं तिथूनच यायची. २०२४ च्या एप्रिलमध्ये पगार वाढला, पेढे वाटले, आणि ईएसआय गेलं. वाढ झाली १,७०० ची आणि दोघांच्या औषधांचा महिन्याचा खर्च अंगावर आला ३,२०० चा. तेव्हापासून पॉलिसी हाच आधार. ती आम्ही २०१९ मध्ये घेतली होती, दोघांची मिळून एकच, ३ लाखांची. पहिला हप्ता २१,३०० होता. गेल्या वर्षी ३९,००० आणि वर जीएसटी ७,०२०, म्हणजे ४६,०२० भरले. सप्टेंबरमध्ये जीएसटी माफ झाला तेव्हा वाटलं, चला, सात हजार तरी वाचतील. आता नोटीस आली आहे ४२,९०० ची. कर गेला, पण मूळ हप्ता ३,९०० नं वाढला.

नोव्हेंबरमध्ये काय झालं ते सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही. तुळशीचं लग्न झालं त्याच आठवड्यात आत्या पहाटे मोरीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या अवस्थेत कुठलं हॉस्पिटल कुठल्या योजनेत आहे हे कोण बघतं? ॲम्ब्युलन्सवाला जवळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, तुमच्या पॉलिसीत खोलीभाडं रोज ३,००० पर्यंतच बसतं, त्यातल्या खोल्या भरल्या आहेत, ५,००० ची आहे. ह्यांनी सही केली. आम्हाला वाटलं, रोजचे २,००० वरचे आपण भरू, सहा दिवसांचे बारा हजार.

बिल झालं १,८६,४००. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहापासून आम्ही बाकावर बसून होतो. आत्यांना व्हीलचेअरवर बसवून ठेवलेलं, कारण बेड दुसऱ्या पेशंटला दिला होता. संध्याकाळी साडेसातला कंपनीचा कागद आला. मंजूर १,०३,२००. खोलीचे ३०,००० होते, त्याचे १८,००० दिले. ऑपरेशन, डॉक्टर, नर्सिंग मिळून ७८,०००, त्याचे ४६,८००. औषधं आणि आत बसवलेला सांधा मिळून ६४,०००, त्याचे ३८,४००. हातमोजे, डायपर, फाइलचे पैसे, असले १४,४०० अजिबात नाहीत. आमच्या अंगावर ८३,२००. गाठीला १८,२०० होते. उरलेल्या ६५,००० साठी माझ्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारणाला ठेवल्या, त्या अजून तिथेच आहेत. महिन्याला ६५० व्याज जातं.

आता घरात दोन मतं आहेत. हे म्हणतात, सात वर्षं भरले आणि वेळेला निम्मेच मिळाले, तर तेच पैसे बँकेत टाकू. मला धीर होत नाही. गेल्या रविवारी अण्णा जेवता जेवता म्हणाले, “माझं नाव काढा त्यातून. तिचं तेवढं ठेवा.” मुलगी ताटावरून उठून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्शनचं पासबुक आणून माझ्या मशीनवर ठेवलं. आत ४,१२० शिल्लक होते. मी ते पासबुक तसंच परत त्यांच्या पेटीत ठेवलं.

हातात आज २६,००० आहेत. त्यातही मुलीच्या सीईटीचा अर्ज आणि क्लासचा शेवटचा हप्ता आहे. पॉलिसी चालू ठेवावी का? ठेवायची तर कशी? अण्णांचं नाव कमी करण्याचा विचार माझ्या मनाला पटत नाही, हेही आधीच सांगते.

तुषार_जळगाव
ताई, काही करा पण सोडू नका. आम्ही तुमच्यासारखाच हिशेब केला होता. २०२० मध्ये धंदा बंद होता, वडिलांच्या पॉलिसीचा हप्ता भरला नाही, म्हटलं पुढच्या वर्षी नवी घेऊ. पुढच्या वर्षी वडील ६८ चे, बीपी आणि शुगर दोन्ही. एका कंपनीनं नकार दिला. दुसरी तयार झाली, पण जुन्या आजारांसाठी तीन वर्षं थांबा म्हणाली. त्या तीन वर्षांच्या आतच त्यांना लकवा झाला. शेताचा एक तुकडा विकून बिल भरलं.

बँकेत टाकू म्हणणं सोपं आहे. वर्षाला ४३,००० टाकले तरी तुमच्या आत्यांसारखं एक ऑपरेशन भागायला चार वर्षं जमवावे लागतील, आणि दुखणं काही थांबून येत नाही. तुमची सात वर्षं सलग झाली आहेत, ती मोडू नका. आणि अण्णांचं नावही काढू नका. ७१ वर्षांचं, स्टेंट बसवलेलं माणूस एकदा बाहेर पडलं की परत आत येत नाही.

निवृत्त_क्लेमवाला
मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात बावीस वर्षं काढली. आधी नोव्हेंबरच्या क्लेमबद्दल बोलतो, कारण तिथे तुमचे पैसे अडकले आहेत असं मला दिसतं.

मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी फक्त खोलीभाडं कापत नाही. ३,००० ला ५,००० नं भागलं की ६० टक्के येतात. त्याच प्रमाणात डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्याला कात्री लागते, कारण खोली महाग तसे हे दरही बऱ्याच हॉस्पिटलांत वाढतात. हे भरती होताना कुणी समजावून सांगत नाही आणि माणूस बारा हजारांचा हिशेब करून सही करतो. तुमची चूक नाही, माझ्यासमोर शेकडो घरं अशीच अडकली.

पण औषधं, शरीरात बसवलेला सांधा, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही. आयआरडीएआयनं (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) २०२० मध्येच हा नियम केला आणि १ एप्रिल २०२१ पासून जुन्या पॉलिसींनाही तो लागू झाला. सांधा जनरल वॉर्डात बसवा नाहीतर स्पेशल रूममध्ये, त्याची किंमत तीच. तुमच्या ६४,००० वर त्यांनी ६० टक्केच दिले. म्हणजे २५,६०० चुकीचे कापले आहेत. आयसीयूचे दिवस असते तर त्यालाही हाच नियम. आणखी एक गोष्ट. हॉस्पिटल जर खोलीनुसार डॉक्टर आणि ऑपरेशनचे दर बदलत नसेल, तर त्या ७८,००० वरची कपातही टिकत नाही. हॉस्पिटलकडून तसं लेटरहेडवर लिहून मागा. देतील न देतील, विचारायला पैसे पडत नाहीत.

आता काय करायचं ते ऐका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टनंही पाठवा. पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, बिलाची विगतवारी, मंजुरीचा कागद जोडा. पत्रात रडगाणं नको. “औषधे व इम्प्लांट यांवर प्रमाणशीर कपात नियमबाह्य आहे, रु. २५,६०० परत करावेत” एवढं स्वच्छ लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जा. कराडसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं असतं, तुमची मुदत भरपूर आहे. लोकपालाचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो.

तुषारभाऊंचं अर्धं बरोबर आहे. सात वर्षं झाल्यामुळे प्रतीक्षा काळ (जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत) संपले आहेत. शिवाय सलग साठ महिने झाल्यावर “तुम्ही आजार लपवला होता” म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. हे जपायला हवं. पण अण्णांचं नाव ठेवलंच पाहिजे, हे मला तितकं पटत नाही. फ्लोटर पॉलिसीचा (सगळ्यांची मिळून एकच असते ती) हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणजे सध्या आत्यांचाही हप्ता अण्णांच्या वयानं चालला आहे. अण्णांसाठी दुसरी सोय असेल तर आत्यांची एकटीची किती होते ते विचारा.

निशिगंधा_परिचारिका
ती दुसरी सोय आहे, ताई. मी एका जिल्हा रुग्णालयात काम करते, रोज बघते.

अण्णांना आधारवर सत्तर पूर्ण आहेत. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा रंग बघत नाहीत, खाजगी पॉलिसी असली तरी चालते. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आणि जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून. फक्त आधार लागतं. मोबाइलवर आयुष्मान ॲपमधून निघतं, नाहीतर सेवा केंद्रात जा.

आत्यांना सत्तर व्हायला तीन वर्षं आहेत, पण त्याही रिकाम्या नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डांना लागू आहे, पांढऱ्यालासुद्धा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख. अजून कितीतरी लोकांना वाटतं की ती फक्त पिवळ्या-केशरीवाल्यांची.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. हॉस्पिटल योजनेत आहे एवढ्यानं भागत नाही. ते कुठल्या उपचारासाठी योजनेत आहे ते बघावं लागतं. एखादं हॉस्पिटल किडनीसाठी असतं, हृदयासाठी नसतं. पेशंट दारात घेऊन जायचं आणि मग कळायचं, ही आमच्याकडची रोजची रड आहे. म्हणून आज सगळे धडधाकट असताना एक काम करा. हृदय, हाडं, मेंदू, पोट, प्रत्येकासाठी तुमच्या जवळचं योजनेतलं हॉस्पिटल कोणतं ते १५५३८८ आणि १४५५५ या नंबरांवर विचारून घ्या, आणि स्वतः जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा हॉस्पिटलातला माणूस) भेटा. कागद स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवून ठेवा. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्सवाल्याला तुम्हीच नाव सांगायचं.

आणि तुमच्या मनाला लागलं आहे म्हणून सांगते. नाव काढणं म्हणजे माणूस वाऱ्यावर सोडणं, असं नाही. तीन लाखांच्या अर्ध्या-मुर्ध्या पॉलिसीतून अण्णा पाच लाखांच्या कार्डावर जातील.

तुषार_जळगाव
निशिगंधाताई, कार्ड आहे हे मान्य. पण आमच्याकडे कार्ड दाखवल्यावर “बेड नाही” म्हणणारी हॉस्पिटलं मी डोळ्यांनी बघितली आहेत. पॉलिसीवाल्याला त्याच दिवशी त्याच ठिकाणी बेड मिळाला. म्हणून म्हणतो, जमत असेल तर दोन्ही ठेवा.

निशिगंधा_परिचारिका
तुषारदादा, होतं तसं, मी नाकारत नाही. तेव्हा तिथूनच १४५५५ ला तक्रार नोंदवायची आणि तक्रार क्रमांक काउंटरवर सांगायचा. काही वेळा बेड निघतो, काही वेळा नाही. पण त्यांच्या हातात २६,००० आहेत. त्यातून दोन्ही बसत नाही.

मिरजेची_धनू
दोन गोष्टी, कुणी बोललं नाही म्हणून. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून वर्षाचं उत्पन्न ३,४९,२०० होतं. ३,६०,००० च्या आत असलेल्या कुटुंबाला धर्मादाय हॉस्पिटलात दुर्बल घटकाच्या खाटेवर निम्म्या खर्चात उपचार मिळतात. अशा दहा टक्के खाटा राखीव ठेवणं त्यांना बंधनकारक आहे (१,८०,००० च्या आतल्यांसाठी आणखी दहा टक्के, त्या पूर्ण मोफत). मोठमोठी नावाजलेली हॉस्पिटलंसुद्धा धर्मादाय म्हणून नोंदलेली असतात, बाहेरून कळत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, दुखणं आल्यावर दाखल्याच्या रांगेत उभं राहवत नाही.

दुसरं, औषधं. डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी औषधातल्या घटकाच्या नावानं चिठ्ठी लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान) जा. माझ्या आईच्या शुगर-बीपीच्या गोळ्या २,४०० वरून ७०० वर आल्या. तुमचे ३,२०० निम्मे झाले तरी वर्षाला १९,००० सुटतात. तुमच्या हप्त्याचा बराच भाग त्यातूनच निघेल.

कराडची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर देता आलं नाही, कारण तुम्ही सांगितलेली कामंच करत होते.

अण्णांना घेऊन सेवा केंद्रात गेले. त्यांचा अंगठा मशीनवर उमटेना. आयुष्यभर कारखान्यात उसाच्या मोळ्या आणि पोती हाताळली, बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत. त्या मुलानं दहाही बोटं लावून बघितली, ओल्या फडक्यानं पुसून बघितली. अण्णा ओशाळल्यासारखे हात शर्टाला पुसत राहिले. शेवटी चेहऱ्यावरून झालं. डोळे मिटू-उघडू म्हणाला, अण्णांनी इतके घट्ट मिटले की तीनदा करावं लागलं. कार्ड निघालं. ते त्यांनी वरच्या खिशात ठेवलं आणि घरी येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.

जिथे स्टेंट बसवला होता त्या हॉस्पिटलात जाऊन आले. ते हृदयासाठी योजनेत आहे, आरोग्यमित्र भेटले, फाइल नंबर लिहून घेतला. हाडांसाठी मात्र दुसरं हॉस्पिटल आहे, कराडपासून बरंच लांब. दोन्ही नावं फ्रिजवर लावली आहेत.

कंपनीच्या शाखेत विचारलं. आत्यांची एकटीची, आहे त्याच अटींवर, जुनी सात वर्षं धरून, २३,४०० होते. निवृत्त काका, सात वर्षं धरली जातील हे त्यांनी ईमेलवर लिहून द्यायचं कबूल केलं आहे. ईमेल आल्याशिवाय पैसे भरणार नाही. तुषारदादा, तुमचं म्हणणं मी घरात वाचून दाखवलं. हे बराच वेळ गप्प बसले. दोन्ही ठेवणं आम्हाला खरंच जमत नाही.

अण्णांना मी समोर बसवून सांगितलं की तुमचं नाव काढलं नाही, दुसरीकडे लावलं. त्यांनी कार्ड काढून आत्यांना दाखवलं आणि विचारलं, “हिला कधी मिळणार?” म्हटलं, तीन वर्षांनी, १ जूनला सत्तर झाल्या की. आता ते तारीख लक्षात ठेवून आहेत.

निवृत्त_क्लेमवाला
चांगलं केलंत. तीन सूचना. २६ तारखेच्या आत भरा, उशीर करू नका. तीस दिवसांची सवलत असते आणि पॉलिसीची वर्षं त्यात तुटत नाहीत, पण वार्षिक हप्त्यात मधल्या दिवसांत दुखणं आलं तर क्लेम बसत नाही. २३,४०० एकदम जड वाटले तर तिमाही हप्ते घेतात का विचारा, बऱ्याच कंपन्या घेतात. आणि पुढच्या वेळी भरती होताना आधी विचारा, “तीन हजारांची खोली नसेल तर जनरल वॉर्ड द्या.” दोन रात्री जनरलमध्ये काढल्या तर कात्री लागत नाही.

२५,६०० चं पत्र गेलं का?

कराडची_सून
गेलं, काका. ईमेल परवा केला, स्पीड पोस्ट काल. मुलीनं टाइप केलं. तिनं आधी दीड पान लिहिलं होतं, आत्या व्हीलचेअरवर कशा बसून राहिल्या वगैरे. तुम्ही म्हणालात म्हणून ते काढलं आणि चार ओळी ठेवल्या. हॉस्पिटलनं दरांबद्दल लिहून द्यायला नकार दिला, म्हणून ७८,००० चा मुद्दा घातला नाही, फक्त औषधं आणि सांध्याचा घातला. पैसे आले तर आधी पाटल्यांच्या कर्जात भरायचे ठरवलं आहे.

एकच विचारायचं राहिलं. लोकपालाकडे जायची वेळ आली तर सुनावणीला पुण्याला आत्यांनाच यावं लागेल का? त्या अजून वॉकर घेऊन चालतात, पॉलिसी त्यांच्या आणि अण्णांच्या नावावर आहे. ह्यांना रजा मिळणं अवघड, पण मी येऊ शकते.

निवृत्त_क्लेमवाला
तुम्ही जाऊ शकता. आत्या-अण्णांच्या सहीचं अधिकारपत्र सोबत ठेवा. सुनावणी बऱ्याचदा व्हिडिओवरही होते, अर्जासोबतच तशी विनंती जोडा आणि आत्यांच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत लावा. कंपनीचं उत्तर आलं की इथे टाका, नकार असेल तर अर्ज आपण मिळून लिहू.